गोल्डनरॉड सिटी: आधी हिंडा, मग भिडा

पोकेमॉनच्या या व्हिडिओ गेममध्ये इलेक्स फॉरेस्टच्या काळोखातून बाहेर पडून रूट ३४ वरच्या ट्रेनर्सशी, म्हणजे पोकेमॉन लढवणाऱ्यांशी, दोन हात केले की समोर अचानक शहर उभं राहतं. आतापर्यंत पाहिलेली जोटो या प्रदेशातली गावं, म्हणजे न्यू बार्क, चेरीग्रोव्ह, व्हायोलेट आणि अझेलिया, एका दमात पायाखाली घालता येत होती. इथे मात्र सहा मजली दुकान आहे, रेडिओचा मनोरा आहे, रेल्वे स्टेशन आहे, जमिनीखालून जाणारा रस्ता आहे आणि जुगाराचा अड्डाही आहे. नवखा खेळाडू बावरतो आणि सवयीने जे करायचं तेच करतो. पोकेमॉन सेंटरमध्ये टीम बरी करून घेतो, थेट जिम, म्हणजे बॅजसाठी लढायची जागा, गाठतो आणि तिथे एका गाईकडून मार खातो.

हा लेख पोकेमॉन हार्टगोल्ड किंवा सोलसिल्व्हर पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी आहे. मूळ गोल्ड आणि सिल्व्हर जपानमध्ये १९९९ च्या नोव्हेंबरात आले आणि त्यांचे हे नवे अवतार २००९ च्या सप्टेंबरात. शहर दोन्हींत तेच आहे, तपशिलात थोडा फरक आहे. जिथे तो महत्त्वाचा आहे तिथे सांगेनच.

थोडी पार्श्वभूमी. जोटोचा नकाशा जपानच्या कन्साय भागावर बेतलेला आहे आणि त्यात गोल्डनरॉड म्हणजे ओसाका. जपानी आवृत्तीत शहराचं नाव कोगाने आहे, म्हणजे सोनं. तिथली जिम लीडर तर चक्क कन्साय बोलीत बोलते. व्यापारी शहर, खायचे-प्यायचे आणि गप्पांचे शौकीन लोक, हा ओसाकाचा लौकिक डोक्यात ठेवलात तर इथे इतकी दुकानं का आणि जो तो काही ना काही विकायला, बदलायला किंवा फुकट द्यायला का बसलाय, हे लगेच कळतं.

पायरी १: शहरात शिरण्याआधी

रूट ३४ वर घाई करू नका. इथल्या गवतात ड्राउझी मिळतो. पिवळा-तपकिरी, सोंडेचा, झोपाळू चेहऱ्याचा. बघून कुणालाही मोह होत नाही, पण एक पकडाच. त्याचं काय करायचं ते तिसऱ्या पायरीत सांगतो. गवतात अॅब्राही दिसेल, पण तो दिसताक्षणी टेलिपोर्ट करून पसार होतो. बॉल टाकायचा तर पहिल्याच चालीत टाका, आधी मारून कमजोर करण्याच्या भानगडीत पडू नका.

याच रस्त्यावर, शहराच्या अगदी वेशीवर, डे-केअर चालवणारं म्हातारं जोडपं राहतं. तिथे पोकेमॉन ठेवला की तुमच्या चालण्यावर तो वाढतो आणि जोडी जुळली तर अंडंही मिळतं. पहिल्या खेळात मी इथे रमायला सांगणार नाही. ठेवलेला पोकेमॉन नव्या मूव्ह, म्हणजे लढाईतले डाव, शिकताना जुन्या आपोआप पुसून टाकतो. आवडती मूव्ह अशी गेली की फार जिवाला लागतं.

पायरी २: शहराचा अंदाज आणि सायकल

दक्षिणेकडून आत आलात की पोकेमॉन सेंटर, डिपार्टमेंट स्टोअर आणि सायकलचं दुकान जवळजवळ आहेत. रेडिओ टॉवर पश्चिमेला. जिम आणि फुलांचं दुकान उत्तरेला, शेजारी-शेजारी. तिथूनच आणखी वर गेलं की रूट ३५ चं फाटक लागतं. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं शहर कळलं.

टीम बरी करून घ्या आणि सगळ्यात आधी सायकलच्या दुकानात जा. दुकान चालत नाही म्हणून मालक हवालदिल झालाय आणि जाहिरात व्हावी म्हणून तो तुम्हाला सायकल फुकट देतो. खरंच फुकट, कुठली अट नाही. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा दुकानात काही घ्यायला पैसे नाहीत म्हणून आतच गेलो नव्हतो आणि पुढचे दोन बॅज पायी फिरून मिळवले. अजून आठवलं की पाय दुखतात.

पायरी ३: डिपार्टमेंट स्टोअर

इथे तासभर घालवला तरी वाया जात नाही. खालच्या मजल्यांवर औषधं आणि बॉल, मग लढाईत वापरायच्या वस्तू, वर व्हिटॅमिन, त्याच्या वर टीएम (पोकेमॉनला नवी मूव्ह शिकवणाऱ्या वस्तू) आणि सगळ्यात वर, सहाव्या मजल्यावर, थंड पेयांची यंत्रं.

खरी गंमत त्या यंत्रांत आहे. सुपर पोशन ७०० ला मिळतं आणि ५० एचपी, म्हणजे पोकेमॉनची जीवनशक्ती, भरून काढतं. यंत्रातलं साधं पाणी, म्हणजे फ्रेश वॉटर, २०० ला मिळतं आणि तेही ५० च भरतं. सोडा पॉप ३०० ला आणि ६० भरतो. लेमोनेड ३५० ला आणि ८० भरतो. म्हणजे सुपर पोशनच्या निम्म्या किमतीत जास्त औषध. यंत्र एका वेळी एकच बाटली देतं, त्यामुळे बटण दाबून दाबून बोट दुखतं, पण आठ-दहा लेमोनेड पिशवीत टाकल्याशिवाय इथून खाली उतरू नका. पुढच्या कितीतरी लढाया या बाटल्यांवर निघतात.

आता ड्राउझीचं काम. दुकानाच्या वरच्या मजल्यांवर एक जण ड्राउझीच्या बदल्यात मचॉप द्यायला तयार असतो. मचॉपचं नाव ‘मसल’. हा सौदा डोळे झाकून करा. कारणं तीन. पहिलं, मचॉप फायटिंग टाईपचा, म्हणजे जातीचा, आहे आणि इथली जिम नॉर्मल टाईपची; नॉर्मलला फायटिंगचाच मार लागतो. दुसरं, अदलाबदलीत आलेल्या पोकेमॉनला दीडपट अनुभव मिळतो, म्हणजे तो भराभर वाढतो. तिसरं कारण जिमच्या पायरीत येईल, तोवर मसलच्या नावापुढचं चिन्ह तेवढं बघून ठेवा. इतकं दणकट नाव आणि निघाली मादी!

एक बारीक गोष्ट. तुम्ही द्याल त्या ड्राउझीच्याच लेव्हलचा मचॉप मिळतो. म्हणून देण्याआधी ड्राउझीला दोन-चार लढायांत उतरवून वाढवला तर ते कष्ट वाया जात नाहीत. फार वाढवायचीही गरज नाही, मसल स्वतःच वेगाने वाढते.

पायरी ४: रेडिओ टॉवर, झटकन

तळमजल्यावर एक बाई पाच प्रश्न विचारते, उत्तरं फक्त हो किंवा नाही. पाचही बरोबर आली की पोकेगिअर या तुमच्याकडच्या यंत्रासाठी रेडिओ कार्ड मिळतं. प्रश्न सोपे आहेत. चुकलात तर पुन्हा विचारा, कुणी हाकलत नाही.

रेडिओ शोभेचा नाही. पोकेमॉन मार्च लावून गवतात फिरलात तर जंगली पोकेमॉन जास्त भेटतात, लुलाबी लावलीत तर कमी. काही पकडायचं असेल तेव्हा मार्च, थकलेली टीम घेऊन सेंटरकडे परतताना लुलाबी. प्राध्यापक ओकच्या कार्यक्रमात कोणता पोकेमॉन कुठल्या रूटवर दिसतो ते कळतं. इथेच लॉटरीचा काउंटर आहे. तुमच्याकडच्या पोकेमॉनचे आयडी क्रमांक सोडतीच्या क्रमांकाशी ताडून बघतात आणि पाचही आकडे जुळले तर मास्टर बॉल मिळतो. अदलाबदलीतून आलेल्या पोकेमॉनचा आयडी वेगळा असतो, त्यामुळे असे पोकेमॉन जितके जास्त तितकी तिकिटं जास्त असं समजा. मला आजवर कधी लागली नाही.

पायरी ५: भुयारी रस्ता

शहराच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना जोडणारं एक भुयार आहे. खाली ट्रेनर उभे असतात. जिमच्या आधी त्यांच्याशी लढून घ्या. अनुभव मिळतो, पैसे मिळतात आणि लेमोनेडचा खर्च भरून निघतो.

भुयारात दोन न्हावी भाऊ बसतात. थोरला मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी, दर ५००. धाकटा रविवार, बुधवार आणि शुक्रवारी, दर ३००. सोमवारी दोघांनाही सुट्टी. ते पोकेमॉनचे केस कापतात आणि त्याने पोकेमॉनचं तुमच्यावरचं प्रेम वाढतं. जिओड्यूडचे केस कसे कापतात हे विचारू नका, हा प्रश्न खेळात कुणालाच पडलेला नाही. प्रेम वाढलेलं कशाला हवं? काही पोकेमॉन त्याशिवाय इव्हॉल्व्ह होत नाहीत, म्हणजे पुढचं रूप घेत नाहीत. त्यातला एक तुम्हाला याच शहरात मिळणार आहे, पण अजून वेळ आहे.

शनिवार-रविवारी इथे कडू जडीबुटीचं दुकान लागतं. स्वस्त आणि गुणकारी, पण चवीला इतकी वाईट की पोकेमॉनचं प्रेम कमी होतं. शेजारी न्हावी प्रेम वाढवतोय आणि इथे जडीबुटीवाली ते घटवतेय. दोघांनाही गिऱ्हाईक मिळतं, शहर आहे शेवटी.

पायरी ६: व्हिटनी

आता जिम आणि तिची लीडर व्हिटनी. गुलाबी केसांची, हसरी, बडबडी मुलगी. नॉर्मल टाईप. तिच्याकडे फक्त दोन पोकेमॉन आहेत, लेव्हल १७ ची क्लेफेरी आणि लेव्हल १९ ची मिलटँक, म्हणजे सुरुवातीला म्हटलेली ती गाय. कागदावर बघितलं तर काहीच नाही. पण या मालिकेच्या खेळाडूंमध्ये ‘तू कुठे अडकला होतास?’ असा विषय निघाला की वर्षानुवर्षं हिचंच नाव निघतं आणि नेमकं कशाने अडकतात हे कळल्याशिवाय उपाय कळत नाही.

क्लेफेरीची फार काळजी नको. ती मेट्रोनोम वापरते, त्यातून कुठलीही मूव्ह निघू शकते. नशीब खोटं असेल तर दणका बसतो, एरवी निभावतं. मसलने कराटे चॉपचे दोन-तीन फटके दिले की काम होतं.

मिलटँकच्या चार मूव्ह: रोलआउट, अट्रॅक्ट, स्टॉम्प आणि मिल्क ड्रिंक. एकेक करून सुट्या बघितल्या तर साध्या आहेत. जाळं आहे ते चौघींचं मिळून.

रोलआउट ही रॉक टाईपची मूव्ह पाच चाली चालते आणि दर चालीला जोर दुप्पट होतो. सुरुवात ३० वर, मग ६०, १२०, २४० आणि पाचव्याला ४८०. पहिला फटका गुदगुल्यांसारखा वाटतो, म्हणून नवखा खेळाडू दुर्लक्ष करतो. तिसऱ्या फटक्याला शुद्धीवर येतो, तोवर टीममधला एक आडवा झालेला असतो. पुढे आलेल्या दुसऱ्याला चौथा फटका बसतो आणि तोही जातो.

अट्रॅक्टने विरुद्ध लिंगाचा पोकेमॉन मोहात पडतो आणि निम्म्या वेळा चालच करत नाही. मिलटँक नेहमी मादीच असते, म्हणजे तुमचे नर पोकेमॉन अडकणार. आणि इथे खेळाची खोच आहे: सुरुवातीला प्राध्यापकांकडून मिळणारा सोबती, मग तो सिंडाक्विल असो, टोटोडाइल असो की चिकोरिटा, दर आठांत सात वेळा नर असतो. बहुतेक जण त्याच एकावर भिस्त ठेवून इथवर आलेले असतात. तो मोहात पडून उभा, समोरून रोलआउट घरंगळत येतोय, आणि तुम्ही काही करू शकत नाही. माझा क्विलाव्हा, म्हणजे सिंडाक्विलचं पुढचं रूप, असाच गेला. एकदा नव्हे, सलग चार वेळा.

त्यातून तुम्ही तिचे निम्मे एचपी कमी केलेतच, तर ती मिल्क ड्रिंक पिते आणि निम्मे एचपी परत भरते. शिवाय तिच्याकडे लुम बेरी असते, त्यामुळे पहिल्यांदा दिलेली झोप, विष किंवा पॅरालिसिस लगेच उतरतं.

उपाय असे.

मादी पोकेमॉन पुढे करा. हा सगळ्यात मोठा उपाय आहे आणि फुकट आहे. टीममधल्या प्रत्येकाच्या नावापुढचं चिन्ह बघा. म्हणूनच मसल मादी असणं एवढं कामाचं.

रोलआउट सोसणारा हवा. फायटिंग, ग्राउंड आणि स्टील टाईपला रॉकचा मार निम्माच लागतो. मसलला त्यामुळे दुहेरी फायदा होतो, मार कमी बसतो आणि दिलेला मार दुप्पट लागतो. जिओड्यूडही चांगला. तो रॉक आणि ग्राउंड आहे, म्हणून रोलआउट निम्मा आणि स्टॉम्पही निम्मा. मादी जिओड्यूड मिळाली तर जिंकलातच. व्हायोलेटहून अझेलियाला येताना लागलेल्या युनियन केव्हमध्ये त्या ढिगाने असतात.

लो किक वापरा. ही मूव्ह समोरच्याच्या वजनावर चालते. मिलटँक ७५.५ किलोची आहे, म्हणजे लो किकचा जोर ८० होतो, तर कराटे चॉपचा ५० च आहे. पण क्लेफेरी साडेसात किलोची, तिच्यावर लो किक म्हणजे नुसता टपला. क्लेफेरीला कराटे चॉप, मिलटँकला लो किक.

वेळ ओळखा. रोलआउट सुरू असताना मिलटँक दुसरं काहीच करू शकत नाही, दूधही पिऊ शकत नाही. म्हणजे रोलआउट सोसणारा पोकेमॉन समोर असेल तर त्या पाच चाली तुमच्या आहेत. तेव्हा जोरात मारा. किरकोळ फटके मारत रेंगाळलात तर दूध पिऊन ती पुन्हा ताजीतवानी.

नेम चुकवा. रोलआउट एकदा जरी चुकला तरी जोर पुन्हा ३० वर येतो. सिंडाक्विलवाल्यांनी स्मोकस्क्रीन विसरवून टाकला नसेल तर पहिल्या दोन चाली त्यातच घाला आणि मग पोकेमॉन बदला. पिजीचा सँड अटॅकही चालतो, फक्त पिजीला तिथे उभं ठेवू नका. उडणाऱ्याला दगडाचा मार दुप्पट लागतो. आगीच्या टाईपलाही लागतो, म्हणून क्विलाव्हाला पुढे करून लढणं हा मुळातच तोट्याचा धंदा होता, हे मला चौथ्या पराभवानंतर कळलं. चिकोरिटावाल्यांचं त्या मानाने बरं असतं. बेलीफ झाल्यावर, लेव्हल १८ च्या आसपास, रिफ्लेक्ट मिळतो आणि मिलटँकचे दोन्ही मार त्याने बोथट होतात.

जुन्या खेळाडूंकडून एक सल्ला हमखास मिळतो: गॅस्टली वापर, भुताला नॉर्मलचा मार लागत नाही. हा सल्ला १९९९ च्या खेळातला आहे. हार्टगोल्ड-सोलसिल्व्हरमध्ये मिलटँकची अॅबिलिटी, म्हणजे उपजत गुण, स्क्रॅपी आहे, त्यामुळे तिचा स्टॉम्प भुतालाही बसतो. रोलआउट तर तेव्हाही बसत होता. गॅस्टलीला घरी ठेवा.

लेव्हल किती असावी? मसल १७-१८ ला पोहोचली, सोबत एखादी जिओड्यूड आणि पिशवीत लेमोनेड असले की माझ्या मते पुरे. सगळी टीम २५ पर्यंत वाढवत बसण्यात मजा नाही. पुढच्या लढाया मग मिळमिळीत वाटतात.

पायरी ७: रडारड, बॅज आणि फुलांचं दुकान

जिंकलात की व्हिटनी भोकाड पसरते. लहान मुलांसारखं, हुंदके देत. बॅज देतच नाही. इथे नवख्यांना वाटतं की खेळ अडकला. नाही अडकला. दाराकडे चालायला लागा, जिममधली एक मुलगी येऊन तुम्हाला थांबवेल आणि समजावेल. मग परत फिरून व्हिटनीशी बोला. तोवर तिचं रडून झालेलं असतं. प्लेन बॅज मिळतो आणि सोबत टीएम ४५, म्हणजे अट्रॅक्ट. ज्याने छळलं तेच बक्षीस म्हणून देते, याला काय म्हणावं! प्लेन बॅजमुळे स्ट्रेंग्थ ही मूव्ह लढाईबाहेर वापरायची परवानगी मिळते, त्याने पुढे मोठाले दगड ढकलता येतात.

बाहेर पडून शेजारच्या फुलांच्या दुकानात जा. आता तिथे झारी मिळते, स्क्वर्टबॉटल. ती न घेता उत्तरेला गेलात तर हेलपाटा पडतो, कारण रूट ३६ वर एक विचित्र झाड रस्ता अडवून उभं आहे. त्याला पाणी घातलं की ते उसळून अंगावर येतं, कारण ते झाड नसून लेव्हल २० चा सुडोवूडो आहे. झाडाचं सोंग घेतो, पण टाईपने रॉक आहे. आग टाकून उपयोग नाही. पाणी किंवा गवताच्या मूव्हने तो लवकर वाकतो, पकडायचा असेल तर त्या जपून वापरा. असा एकच मिळतो. समोर जाण्याआधी सेव्ह करा.

रूट ३५ च्या फाटकातला पहारेकरी त्याच्या मित्राला पोचवण्यासाठी एक स्पिअरो देऊ करतो, त्याच्याकडे एक पत्र असतं. घेण्यासाठी टीममध्ये जागा मोकळी हवी. पत्र काढून घेऊ नका, पत्रासकट पोचवायचा आहे. मित्र रूट ३१ वर, तिकडे कधी परत जाल तेव्हा द्या.

वार बघून या

या खेळाला घड्याळ आहे आणि ते खरं चालतं. गोल्डनरॉड आणि आसपासच्या निम्म्या गोष्टी वारांवर आहेत. न्हाव्यांचं सांगितलंच. रविवारी डिपार्टमेंट स्टोअरमध्ये टीएमच्या मजल्यावर एक बाई असते. तुमचा पुढचा पोकेमॉन तुमच्यावर जीव टाकत असेल तर रिटर्नचा टीएम देते, वैतागलेला असेल तर फ्रस्ट्रेशनचा. नॅशनल पार्कातली कीटक पकडण्याची स्पर्धा मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असते. एकच पोकेमॉन नेता येतो, २० बॉल मिळतात, वेळ २० मिनिटं. पकडलेला कीटक तुमचाच राहतो, म्हणून बक्षीस नाही मिळालं तरी सायथर किंवा पिन्सिर हाती लागला की दिवस कारणी लागला. मी तर मंगळवार, गुरुवार किंवा शनिवार बघूनच गोल्डनरॉडला मुक्काम टाकतो, थोरला न्हावी आणि स्पर्धा दोन्ही एकाच फेरीत होतात.

यातून वाट काढायला कुणी कन्सोलचं घड्याळ पुढे-मागे करतं. करू नका. खेळाला ते कळतं आणि पुढचा दिवसभर वाराच्या-वेळेच्या घटना तो थांबवून ठेवतो.

गेम कॉर्नर: लागली तर चटक

जपानबाहेरच्या पाश्चात्त्य आणि कोरियन आवृत्त्यांत स्लॉट मशीन काढून तिथे व्होल्टॉर्ब फ्लिप बसवला आहे. नाणी विकत मिळत नाहीत, खेळूनच जिंकावी लागतात.

पाच बाय पाचचा पट, २५ उलटे पत्ते. प्रत्येकाखाली १, २, ३ किंवा व्होल्टॉर्ब. उघडलेले आकडे एकमेकांना गुणले जातात, व्होल्टॉर्ब उघडला की त्या डावातली कमाई शून्य. प्रत्येक ओळीच्या आणि स्तंभाच्या टोकाला दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: त्यातल्या आकड्यांची बेरीज आणि व्होल्टॉर्ब किती.

दोन नियम पाठ करा. ज्या ओळीत व्होल्टॉर्ब शून्य, ती सगळी बिनधास्त उघडा. आणि ज्या ओळीत बेरीज आणि व्होल्टॉर्ब मिळून ५ होतात, तिथे नुसते १ आणि व्होल्टॉर्ब आहेत. १ ने गुणून काही वाढत नाही, म्हणून तिला हातही लावू नका. बेरीज ३ आणि व्होल्टॉर्ब २ असलेली ओळ मोहक दिसते, पण तिथे कमवायला काही नाही. उरलेल्या पत्त्यांत ओळ आणि स्तंभ दोन्हीकडून बघत अंदाज बांधायचा. अंदाज बांधता येत नसेल आणि हातात बरी रक्कम असेल तर डाव सोडून पैसे उचला.

अॅब्रा २०० नाण्यांना मिळतो, रूट ३४ वरच्या पळपुट्याच्या मागे धावण्यापेक्षा हे सोपं. ड्राटिनी २,१०० ला. आइस बीम, थंडरबोल्ट आणि फ्लेमथ्रोअरचे टीएम प्रत्येकी १०,००० ला. टीएमचा नाद तुमच्या पहिल्या खेळात नको, इतकी नाणी जमवता जमवता जोटो बाजूलाच राहील. ड्राटिनीसाठी मात्र बसायला हरकत नाही.

जे आत्ता होणार नाही

काही दारं बंद आहेत आणि ती उघडायला धडपडू नका. मॅग्नेट ट्रेन कांटो या शेजारच्या प्रदेशातल्या सॅफ्रन सिटीला जाते, पण पास लागतो आणि तो कांटोत पोचल्यावरच मिळतो, म्हणजे एलिट फोर या शेवटच्या बलाढ्य ट्रेनर्सना हरवून झाल्यानंतर खूप पुढे. वायव्येकडची ग्लोबल टर्मिनलची इमारत जगभरच्या खेळाडूंशी अदलाबदल करायला होती. निंटेंडोने ती जुनी वाय-फाय सेवा २० मे २०१४ ला बंद केली, त्यामुळे आत आता शुकशुकाट आहे.

बिलचं घर मात्र लक्षात ठेवा. पोकेमॉन ठेवायची संगणक यंत्रणा उभारणारा हा बिल मूळचा गोल्डनरॉडचा. पुढे एक्रुटीक शहरातल्या पोकेमॉन सेंटरमध्ये तो भेटेल. भेटल्यावर परत इथे त्याच्या घरी या, तो लेव्हल ५ ची ईव्ही देतो. टीममध्ये जागा ठेवून या. हीच ती, जिच्यासाठी न्हावी लागतो: खूप जीव लागलेली ईव्ही दिवसा लेव्हल वाढली तर एस्पिऑन होते, रात्री वाढली तर अम्ब्रिऑन. जीव किती लागलाय ते पारखणारी बाईही याच शहरात एका घरात राहते.

आणि रेडिओ टॉवर. सातवा बॅज मिळाला की प्राध्यापक एल्मचा फोन येतो, रेडिओवर काहीतरी विचित्र ऐकू येतंय म्हणून. तोवर तुमच्याकडे फ्लाय, म्हणजे एका शहरातून दुसऱ्या शहरात उडत नेणारी मूव्ह, आलेली असेल. उडत या, आधी सहाव्या मजल्यावर जाऊन लेमोनेड भरा, मग टॉवरकडे वळा. दारात काळ्या कपड्यातली माणसं उभी दिसतील.